बोर्सची मुकी घंटा

१

पनाइतने दोर ओढला आणि घंटा वाजली नाही.

त्याला वाटलं, आपलाच हात हलका पडला. पनाइत आमच्या बोर्सचा, म्हणजे सौदेबाजाराचा, दरवान. रोज घंटा वाजवणं हे त्याचंच काम. त्याने पुन्हा दोर धरला आणि या वेळी चक्क लोंबकळला. वरच्या छोट्या मनोऱ्यात घंटा डुलताना दिसत होती, करकरत होती, पण ठोका पडत नव्हता. खाली सभागृहात साठ-सत्तर दलाल उंच काळ्या हॅटा घालून, माना वर करून उभे होते. एकदोघे हसलेही.

मी त्या वेळी घुमटाखाली परांचीवर होतो. घुमटाच्या काचा गळत होत्या, त्या बदलायचं काम माझ्याकडे होतं. मी सिमिओन, शिक्षणाने वास्तुशिल्पी, पण सगळं गाव मला इंजिनियरसाहेब म्हणतं आणि मी आता वाद घालत नाही. सगळ्यांत जवळ मीच होतो, म्हणून गोल लोखंडी जिन्याने वर गेलो आणि घंटेखाली डोकं घातलं. आतला लोखंडी लोलक, जो आपटून आवाज होतो, तो नव्हताच. नुसता आकडा लोंबत होता.

"काय आहे रे?" खालून अध्यक्ष बुझोयानूंनी विचारलं.

"घंटेची जीभ गेली," मी म्हणालो.

आमचं बंदर डॅन्यूबच्या काठी, गलाट्सच्या मोठ्या बंदराच्या जरा वर. इथे मका, गहू आणि मालवाहू होड्यांच्या, म्हणजे बार्जच्या, कंपन्यांच्या शेअरचे सौदे होतात ते फक्त या घंटेच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या ठोक्यांच्या मध्ये. घंटा नाही तर सौदा नाही, असं संस्थापकांनी भिंतीवर संगमरवरात कोरून ठेवलंय. त्यातून त्या दिवशी नोव्हेंबरच्या मक्याचे वायदे संपायचे होते. माल दाखवायचा, नाही तर दिवाळं जाहीर करायचं.

मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. एक म्हणाला, घंटेवर हातोडी मारा. दुसरा म्हणाला, हातोडीने वाजवलं तर ती घंटा नव्हे, पातेलं. तिसऱ्याने विचारलं, हातोडीच आत दोरीने टांगली तर? त्यावर मतं घेतली, ती निम्मी-निम्मी पडली. अशा वेळी सगळ्यांत जुन्या सभासदाचं मत धरतात. तो सभासद, ग्रीक दलाल गेरासिमोस फोकास, समोरच्या कॉफीखान्यात बसला होता. अध्यक्षांनी त्याला दोनदा निरोप धाडला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, "तुमचं तुम्ही बघा."

शेवटी त्या दिवसाचे सौदे बंद झाले आणि वायद्यांची मुदत पुढच्या घंटेवर गेली. लोक बाहेर पडू लागले, तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणालं, "डाव्या दाराचा अडसर काढलेला आहे."

सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या.

२

ही इमारत पन्नासेक वर्षांपूर्वी त्रिएस्तहून आलेल्या एका इटालियनाने बांधली. सभागृह अष्टकोनी, खांब आठ आणि आठही वेगवेगळ्या दगडांचे, कारण ते रिकाम्या जहाजांच्या तळाला वजन म्हणून कुठून कुठून आले होते. चौकातून पाहिलं तर दोन जुळी दारं दिसतात, दोन्हींवर गव्हाच्या पेंढ्या कोरलेल्या. आतून पाहिलं तर उजवं दार ऐसपैस आणि डावं जेमतेम माझ्या खांद्याइतकं. बाहेर जी उंची दिसते ती नुसती फळी आहे. डाव्याला बाहेरून कडी नाही, मूठ नाही. त्यातून फक्त बाहेर जाता येतं.

ते दिवाळ्याचं दार. ज्याचं दिवाळं निघेल त्याने हॅट काढून हातात घ्यायची, वाकून त्या दाराने जायचं आणि चौक ओलांडेपर्यंत डोकं उघडं ठेवायचं. नंतर कोट्यधीश झाला तरी बोर्सच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. दलाल त्या दाराकडे बघतसुद्धा नाहीत. एकदा पडद्यांना आग लागली तेव्हा सगळे उजव्या दारात चेंगरले, पण डावीकडे एकही फिरकला नाही. मी हसलो होतो तेव्हा. मला ते दार म्हणजे इटालियनाची लबाडी वाटायची, बाहेरून जोडी जुळवण्यापुरती.

"चोर त्या दाराने गेला," अध्यक्ष म्हणाले. समितीच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. "म्हणजे दलाल नव्हे. मेला तरी दलाल तिथून जाणार नाही. आता इमारतीत दलाल नसलेले कोण?"

"पनाइत," मी म्हणालो. मग जरा थांबून म्हणालो, "आणि मी."

"तुला घंटेचं काय करायचंय? पनाइतला कारण आहे. जिन्याखालची त्याची खोली आपण टेलिफोनसाठी मागतोय. गेल्या आठवड्यात तोंडावर म्हणाला, मला काढा, मग बघतो घंटा कशी वाजते ते."

"रागात माणूस काहीही बोलतो."

"उद्या सकाळच्या घंटेपर्यंत लोलक आला नाही तर त्याने खोली सोडायची. पोलीस नकोत, सिमिओन. गलाट्सवाले वर्षभर हसतील आपल्याला."

मी खाली आलो. पनाइतची खोली म्हणजे एक खाट, एक चूल आणि कोपऱ्यात मरियमची तसबीर. त्याची बायको अनिका खाटेवर खोकत होती.  नदी गोठायला आली होती. असल्या थंडीत ती बाई बाहेर पडली तर वसंत ऋतू बघणार नव्हती.

"साहेब, मी घेतला नाही," पनाइत म्हणाला. "पण ते डावं दार मीच रोज पुसतो. माझ्यावरच येणार हे."

"मी शोधतो," मी म्हणून बसलो. कुठे शोधायचं याचा मला पत्ता नव्हता.

३

आदल्या संध्याकाळची घंटा वाजली होती, म्हणजे तेव्हा लोलक जागेवर होता. त्यानंतर सभागृह रिकामं झालं. पनाइत वरच्या खोलीत शेगडीची लाकडं भरायला गेला. खाली मागे राहिले तीन दलाल: झाकारियान, ग्रेचानू आणि फोकास. पनाइत उतरला तेव्हा कोणीच नव्हतं.

झाकारियान हा आर्मेनियन, पोटाने मोठा आणि मनानेही. तो मला घंटेच्या गोल जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेला सापडला.

"मी? इंजिनियरसाहेब, या जिन्यात माझं पोट शिरलं तर मला काढायला तुमची परांची लागेल."

"काल तुम्ही कधी गेलात?"

"ग्रेचानूच्या आधी. नाही, नंतर. थांबा. तो आधी गेला, पण हातमोजे विसरला म्हणून परत आला. मग मी गेलो. म्हणजे तोच नंतर. पण मी गेलो तेव्हा तो नव्हताच की."

"आणि फोकास?"

"म्हातारा खांबाला टेकून होता. की ते परवा? अहो, तो रोजच टेकलेला असतो, आता कुठला दिवस सांगू तुम्हाला?"

"घंटा बंद पडल्याने तुमचा काही फायदा?"

"माझा मका धक्क्यावर भिजतोय," तो म्हणाला. "फायदा म्हणे. चिमण्यांचा होतोय फायदा."

ग्रेचानू तरुण जमीनदारपुत्र होता. तो खांबाशी आपल्या नखांकडे बघत उभा होता.

"दलाल नसलेले दोघंच आहेत इथे," तो म्हणाला. "एक दरवान, एक तुम्ही. माझं ऐका, चौकशी आरशापासून सुरू करा."

"तुम्ही हातमोज्यांसाठी परत आला होतात?"

"मी? झाकारियान आला होता परत, छत्रीसाठी."

"काल पाऊस नव्हता."

"मग छत्री विसरणारच ना माणूस." त्याने जांभई दिली. "मला काय विचारता? आज माल मला मिळायचा होता. थोडा झाकारियानकडून, बराचसा फोकासकडून. फोकासचं ठीक आहे, म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे माल हातात. पण ऐका, सांगायचं राहिलं. मी निघताना पनाइतला जिन्यात पाहिलं. खांद्यावर टोपली होती, जड. वाकला होता बिचारा."

लाकडाची टोपली असणार. पण त्या टोपलीत लोलकही सहज मावला असता. मी उलटा पनाइतकडे गेलो आणि विचारलं, टोपलीत काय होतं?

"लाकडं," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली. तरी खरं सांगतो, त्या क्षणी माझाही विश्वास डळमळला.

४

डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मी चौक ओलांडून सिरानूशबाईंच्या कॉफीखान्यात गेलो. फोकास खिडकीशी बसला होता. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा. केफालोनियाहून पोरवयात आला आणि चाळीस वर्षांत बोर्सचा एक दिवस चुकवला नाही, अशी त्याची ख्याती. त्याच्या पुढ्यातल्या गार कॉफीवर साय धरली होती.

"आत नाही आलात आज, किर गेरासिमोस?" मी विचारलं. ग्रीक वडीलधाऱ्यांना आम्ही असंच 'किर' म्हणतो.

"हातोडी आणि पातेलं ऐकायला? इथे बसून ऐकू येत होतं."

"काल तुम्ही शेवटी होतात का?"

"असेन. म्हातारी माणसं सावकाश निघतात." त्याने चमचा फिरवला. "पनाइतचं काय म्हणतायत?"

"उद्या सकाळी सामान बाहेर. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय."

चमचा थांबला. "बायकोसकट?"

"बायकोला काय वेगळी खोली देणार आहेत?"

त्याने चमचा बशीत ठेवला. मग पैसे ठेवून उठला आणि नदीच्या दिशेने निघून गेला. मला वाटलं, वय झालंय, हळवा झालाय.

सिरानूशबाई कप उचलायला आल्या. "तुमच्या त्या दलालांना झालंय तरी काय?" त्या म्हणाल्या. "काल तिन्हीसांजेला एक जण चौकातून बोडक्याने चालला होता. हे असलं वारं सुटलेलं, आणि हॅट हातात. दुसऱ्या हातात शालीत काहीतरी गुंडाळलेलं, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं. मी म्हटलं, डोकं फिरलं मेल्याचं."

"कोण होता?"

"पाठमोरा होता. आणि हॅटीशिवाय दलाल मी जन्मात पाहिला नाही, ओळखणार कशी?"

मी कॉफी तशीच टाकून उठलो.

५

डाव्या दारासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. सगळं उलटसुलट लागत होतं. चोर आहे, तर त्याने हॅट का काढावी? मी असतो तर टोपी डोळ्यांवर ओढून पळालो असतो. पनाइतला हॅट नाहीच, त्याची मेंढीच्या कातड्याची टोपी, आणि तो ती झोपतानाही काढत नाही असं अनिका म्हणते.

आणखी एक गोष्ट मला आता कुठे उमगली. त्या वेळी पनाइत वर होता. उजवं दार सताड उघडं आणि राखणीला कोणी नाही. लोलक घेऊन कोणीही तिथून आरामात गेलं असतं. डाव्या दाराची चोराला गरजच नव्हती. तरी त्याने अडसर काढला, हॅट काढली, वाकला आणि बोडक्याने चौक ओलांडला.

आम्ही सगळे विचारत होतो, रिवाज मोडणारा कोण? पण चोराने रिवाज मोडलाच नव्हता. त्याने तो पाळला होता, अगदी शेवटच्या पावलापर्यंत. चोर दलालच होता, आणि स्वतःचं दिवाळं निघालं असं मानणारा दलाल होता.

मग पुढचं सोपं होतं. डाव्या दाराने गेलेला माणूस पुन्हा पायऱ्या चढत नाही. आज झाकारियान जिन्यावर बसला होता. ग्रेचानू खांबाशी उभा होता. आणि ज्याच्या एका मतावर सगळं अडलं होतं, ज्याने चाळीस वर्षांत खाडा केला नव्हता, तो दोनदा बोलावूनही चौकाच्या पलीकडे बसून राहिला होता.

कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

फोकास धक्क्यावर सापडला, नदीकडे तोंड करून.

"माझी बार्जं वर कालाराशपाशी धुक्यात अडकली," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "ग्रेचानूचा मका त्यांत आहे. मला एक दिवस हवा होता. फक्त एक."

"मुदत मागायची होती."

"मी कधी कोणाला दिली नाही, सिमिओन. कुठल्या तोंडाने मागू?"

"पण दिवाळं तर जाहीर झालं नव्हतं. मग डाव्या दाराने का गेलात? उजव्याने गेला असतात तर मला जन्मात कळलं नसतं."

"जिन्यावरून उतरलो तेव्हा उजव्याच दाराने जाणार होतो," तो म्हणाला. "लोलक हातात होता. ज्या घंटेवर चाळीस वर्षं खाल्लं तिची जीभ उपटून चाललो होतो. असल्या माणसाने कुठल्या दाराने जायचं? मका येवो न येवो, माझं दिवाळं तिथेच निघालं."

तेवढ्यात नदीच्या वळणावर धूर दिसला. मग ओढबोट दिसली, आणि तिच्यामागे एकामागून एक जड, काळी बार्जं.

"माझीच," फोकास म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

आता त्याला कोणाचं काही देणं राहणार नव्हतं. ग्रेचानूचा देऊनही त्याच्याकडे बराच मका उरणार होता, आणि उद्या मक्याचा भाव चढला तर तो गावातला सगळ्यांत मोठा माणूस ठरणार होता. माझ्या हातात पुरावा शून्य. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, की पनाइत रस्त्यावर आणि प्रकरण मिटलं. मी हे बोललो नाही, पण त्याला ते माझ्याआधी कळलं असणार. तो वळला आणि घराकडे चालू लागला.

६

सकाळी पनाइतची खाट पायऱ्यांवर आली होती. तिच्यावर भांडी, तसबीर, आणि शेजारी खुर्चीवर घोंगडीत गुंडाळलेली अनिका. दलाल तिच्याकडे न बघता आत जायचा प्रयत्न करत होते, पण दारातच घोटाळत होते. अध्यक्ष सारखे घड्याळ काढत होते. मी तोंड उघडून दोनदा मिटलं. सांगू? पुरावा नसताना? आणि न सांगून झोपणार कसा?

तेवढ्यात झाकारियान म्हणाला, "अरे, तो बघा म्हातारा."

फोकास चौकातून येत होता, बोडक्याने, छातीशी शालीचं गाठोडं धरून. शेवटच्या पायरीपाशी येऊन तो थांबला.

"किर गेरासिमोस, वर या ना," अध्यक्ष म्हणाले.

"येता येत नाही," फोकास म्हणाला. "परवा संध्याकाळी मी डाव्या दाराने गेलो."

 समजायला थोडा वेळ लागला आणि मग एकदम सगळ्यांना समजलं. त्याने गाठोडं पनाइतच्या हातात दिलं. शाल बाजूला झाली तसा लोलक दिसला.

"माझी बायको रात्रभर रडली, मालक," पनाइत म्हणाला.

"हो," फोकास म्हणाला. "माफ कर."

पनाइतने केलं की नाही, मला कळलं नाही. तो लोलक घेऊन आत गेला.

"याच्यावर कारवाई..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"अहो, तो स्वतःच गेलाय त्या दाराने," झाकारियान म्हणाला. "त्याच्यापुढे तुमची समिती आणखी काय करणार?"

"माझा मका?" ग्रेचानूने विचारलं.

"धक्क्यावर आहे. घेऊन जा."

झाकारियानने खाटेचं एक टोक उचललं, मी दुसरं, आणि ती आम्ही जिन्याखाली परत नेली. टेलिफोनचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही. मग मी वर जाऊन लोलक आकड्यात अडकवला, घंटा वाजली आणि सभागृहात रोजचा गलका सुरू झाला. घटकाभरात असं वाटू लागलं की काही झालंच नव्हतं.

परांचीवरून काचेतून मला चौक दिसत होता. फोकास गेला नव्हता. तो तिथेच वाऱ्यात उभा होता आणि कान इकडे लावून होता. गलका त्याला ऐकू येत असणार, पण इतक्या लांबून शब्द लागणं शक्य नव्हतं. संध्याकाळपर्यंत आतला भाव बाहेर फोडायचा नाही असा आमच्याकडे कडक नियम आहे, आणि दरवानाने फोडला तर त्याची नोकरी जाते.

पनाइतने अनिकाला पांघरूण घातलं, तो पायऱ्यांवर आला आणि त्याने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा कठोर होता. मग तो खाली उतरला, चौकात गेला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. त्यांचं बोलणं मला संध्याकाळी पनाइतनेच सांगितलं.

"मका चढला, मालक."

"मला वाटलंच होतं," फोकास म्हणाला.

पनाइत परत फिरला नाही, तो तिथेच त्याच्या शेजारी उभा राहिला.